सांडू मिस्त्रींची लाल खूण

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. एकतीस वर्षं शाळेत गणित शिकवलं. परीक्षेच्या वर्गात फळ्याकडे तोंड करून उभी असले तरी मागे कोण कुणाच्या पेपरात डोकावतंय ते मला कळायचं. भाजीवाल्याच्या काट्यापासून डॉक्टरांच्या चिठ्ठीपर्यंत मी सगळं दोनदा तपासते. तरी सांडू मिस्त्रींपुढे मी कच्चीच होते.

औरंगपुऱ्यात भांड्यांच्या एका दुकानावर, लाकडी जिना चढून गेलं की त्यांची खोली लागायची. अ‍ॅम्प्लिफायर, रेडिओ, टेप, जे म्हणून आवाज करतं ते सगळं तिथे दुरुस्त व्हायचं. पण यंत्र ठेवलं आणि बाजार करायला निघून गेलो, असं तिथे चालत नसे. समोर स्टुलावर बसायचं. मिस्त्री एकेक स्क्रू काढून स्टीलच्या ताटलीत टाकणार आणि आपल्याला मोजायला लावणार. काम झालं की पुन्हा मोजणी. मग झाकण बसवून प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर लाल नेलपॉलिशचा एक थेंब. पुढच्या खेपेला तो थेंब तडकलेला दिसला, तर मधे कुणीतरी यंत्र उघडलेलं आहे, आणि मग मिस्त्री त्याला हात लावायचे नाहीत. नेलपॉलिशच्या बाटल्या ते शहागंजातल्या एकाच बांगडीवाल्याकडून घेत. त्या बिचाऱ्याचा समज होता की मिस्त्रींना सात-आठ मुली असाव्यात. प्रत्यक्षात एक मुलगा होता, तोही गावाकडे शेती बघायचा.

गाव त्यांचं कन्नडच्या पुढे, घाटाजवळ. घरची मेंढरं होती आणि लहानपण सगळं त्यांच्या मागे गेलेलं. नेलपॉलिशचा विषय निघाला की ते सांगायचे, "बाप मेंढराच्या पाठीवर गेरूचा पट्टा वढायचा. हजारात आपलं जनावर वळखू यायचं. मी तेच बटनाला करतो."

कारण थेंब फक्त स्क्रूला नसायचा. आवाजाच्या बटणावरही एक बारीक लाल रेघ असायची आणि तिच्यासमोर पत्र्यावर दुसरी. दोन्ही रेघा जुळल्या की तो तुमच्या खोलीला, तुमच्या स्पीकरला आणि तुमच्या कानाला झेपेल असा आवाज. त्यापुढे बटण न्यायचं नाही. ही जागा ते कानाने ठरवत नसत. स्पीकरच्या खोक्यावर उजवा तळवा पालथा ठेवून डोळे मिटायचे आणि डाव्या हाताने बटण हळूहळू फिरवायचे. कान खोटं बोलतो, हात बोलत नाही, असं त्यांचं म्हणणं. आणि त्यांचा एकच अभिमान होता, तो त्यांनी मला निदान पन्नास वेळा ऐकवला असेल, की पस्तीस वर्षांत त्यांच्या हातचा एकही स्पीकर जळाला नाही.

आमच्या अण्णांचा अ‍ॅम्प्लिफायर त्यांनीच बांधलेला. मी कॉलेजात होते तेव्हा. सागवानी पेटी, पुढच्या पत्र्यावर अॅल्युमिनियमचं एकच मोठं बटण, आणि कपाटाएवढे नसले तरी तसाच आव आणणारे दोन स्पीकर. अण्णा पाटबंधारे खात्यात होते. आयुष्य कालव्यांवर गेलं, बोलणं कमी, पण पहाटे सहा ते सात गाणं ऐकायचं म्हणजे ऐकायचं. त्या तासाभरात आम्ही भावंडं घरात चवड्यांवर चालायचो.

पुढे अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, बोलणं गेलं. "हं" आणि "आं" एवढंच उरलं. माझं लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळे ते माझ्याकडेच होते. मी एक वहीच घातली होती. आज किती पावलं चालले, चमचा धरता आला का, कोणता शब्द गेला, सगळं तारीखवार. गेलेल्या गोष्टींच्या पानांवर दर महिन्याला भर पडत होती. तो पहाटेचा तास मात्र शाबूत होता. खुर्चीत बसायचे, डाव्या हाताचं बोट खुर्चीच्या हातावर ठेका धरायचं, आणि त्या वेळेपुरते ते आजारी वाटायचे नाहीत.

ती दुष्काळाची वर्षं होती. बीड बायपासच्या पलीकडे शेतं मोडून प्लॉट पडत होते, आणि त्यातल्याच एका नव्या कॉलनीत आमचं घर. इमारती भराभर वर जायच्या, पण पाणी काही वर चढायचं नाही. नळाला पाचव्या दिवशी तासभर, बाकी टँकर. मिस्त्री आमच्याकडे यायचे ते लुनाच्या हँडलला स्वतःची पाण्याची बाटली सुतळीने बांधून. किती आग्रह केला तरी पाणी घ्यायचे नाहीत. "ऱ्हाऊ द्या, ताई. दुसऱ्याचं पानी पिलं का माणूस मिंधा व्हतो." चहा तरी घ्या म्हटलं, तर चहातही पाणीच असतं म्हणायचे. मला वाटायचं, हा माणूस आपल्या पाण्यावरही संशय घेतो.

झालं असं की अण्णांच्या टेपांना बुरशी लागली आणि मागोमाग टेपडेकही बंद पडलं. माझा धाकटा भाऊ विजय पुण्याहून आला, तो एक काळा डबा घेऊन. साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा. इंटरनेटवरून गाणी ओढायची आणि अ‍ॅम्प्लिफायरला द्यायची, एवढंच त्याचं काम. सगळा कारभार मोबाईलवरून. अण्णांच्या आवडीची यादी त्याने भरून दिली आणि रोज सहाला ती आपोआप सुरू होईल अशी सोय केली. जोडायला अर्थातच मिस्त्रींना बोलावलं. अण्णांच्या पेटीच्या मागे वायर खोचायची म्हणजे दुसऱ्या कुणाची हिंमत नव्हती.

मिस्त्रींनी तो डबा चारी बाजूंनी उलटापालटा करून पाहिला.

"याला स्क्रूच नाय," ते म्हणाले. "आन् बटन बी नाय. मंग याचा आवाज कोनाच्या हातात?"

मोबाईलमध्ये, मी सांगितलं. माझ्या आणि विजयच्या.

"म्हंजे ह्ये पुन्यात बसून हितला आवाज वाढवनार?"

विजय हसला, पण खरं तर तसं करता येत होतं. त्याचं म्हणणं होतं की अ‍ॅम्प्लिफायरचं बटण शेवटपर्यंत उघडून ठेवावं आणि कमी-जास्त मोबाईलवरच करावं, म्हणजे उठायला नको. मिस्त्रींनी हातातला स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. मग अण्णांना समजेल अशा भाषेत ते अण्णांनाच सांगू लागले. गच्चीवर टाकी असते. टाकीखालचा व्हॉल्व्ह पूर्ण उघडा ठेवायचा आणि पाणी किती घ्यायचं ते मोरीतल्या तोटीने ठरवायचं. वरही निम्मं आणि खालीही निम्मं केलं तर धार येत नाही, मग माणूस दोन्हीकडे फिरवत बसतो. आणि तोटी कायम उघडी ठेवून सगळी भिस्त वरच्या व्हॉल्व्हवर ठेवली, तर ज्या दिवशी तो व्हॉल्व्ह दगा देईल त्या दिवशी घरात पूर. अण्णांनी मान हलवली. चाळीस वर्षं त्यांनी दुसरं काही केलंच नव्हतं.

मग मिस्त्रींनी मला मोबाईलवरचं इंग्रजी वाचायला लावलं. डब्याचा आवाज बदलता ठेवायचा की कायमचा एकच, असा एक प्रश्न त्यात होता. आम्ही कायमचा एकच ठेवला. त्याबरोबर मोबाईलवरची आवाजाची पट्टी राखाडी होऊन मेली. डबा पूर्ण उघडा, आवाज फक्त पेटीच्या बटणाने. तळवा ठेवून, डोळे मिटून त्यांनी लाल रेघ ओढली. पेटी त्यांनी मुद्दाम अण्णांच्या डाव्या हाताला, स्टुलावर ठेवली. अण्णांना डाव्या हातानेही धड चमचा धरता येत नव्हता, ते बटण काय फिरवणार, असं माझ्या मनात आलं.

त्यानंतर मिस्त्री दर रविवारी पहाटे येऊ लागले. कुणी बोलावलेलं नसताना. पावणेसहाला लुनाचा आवाज यायचा. अण्णांच्या शेजारी खाली बसायचे, तासभर ऐकायचे आणि जायचे. अण्णा शनिवारी संध्याकाळपासूनच दाराकडे बघायला लागत. एखाद्या चांगल्या मुलीला याचा आनंद झाला असता. मला प्रश्न पडला की याला यातून काय मिळतं.

अशाच एका रविवारी गाणं चालू असताना मिस्त्रींनी मान वर केली. स्पीकरमधून बारीक घुंऽ असा आवाज येत होता. थोडा वेळ यायचा, थांबायचा, परत यायचा. कुणीतरी जवळपास मोटर लावली आहे, ते म्हणाले. तेव्हा आमच्याकडे नळाला मोटर लावून शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी ओढण्याइतका मोठा गुन्हा दुसरा नव्हता. मला समोरच्या जाधवांचा संशय होताच. तशीच उठले आणि जाधवबाईंच्या दारात जाऊन त्यांना जे काही बोलायचं होतं ते सगळं बोलून आले. त्या रडल्या, तेसुद्धा मला पुराव्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी मिस्त्री पुन्हा हजर. त्यांना झोप लागली नव्हती. त्यांनी आमच्या घरातल्या एकेक वस्तूची पिन काढायला सुरुवात केली आणि फ्रिजची काढताच घुंऽ थांबलं. दर वीस मिनिटांनी नळाला पाणी येत नसतं, हे गणिताच्या बाईला कळायला हवं होतं. मी म्हटलं, जाऊ द्या आता, झालं ते झालं. मिस्त्री ऐकेनात. समोर गेले, गेटच्या बाहेर उभे राहिले आणि आल्या-गेल्या चार माणसांच्या देखत जाधवबाईंना म्हणाले, "चूक माझी हाय. ताईला मी सांगितलं म्हून त्या बोलल्या." माफी अशी घाऊक भावात मागतात हे मला माहीत नव्हतं. मी आपली पडद्याआडून बघत होते.

पण त्यानेही माझा संशय फिटला नाही, उलट वाढला. जो माणूस एवढ्या सहज चूक कबूल करतो, तो आणखी कुठेतरी काहीतरी लपवत असणार.

आणि सापडलंच. एका रविवारी ते गेल्यावर मला आवाज मोठा वाटला. दुसऱ्या रविवारीही. मी पेटीवर शिसपेन्सिलीने एक टिंब केलं. पुढच्या रविवारनंतर बघते तर बटण टिंबाच्या पुढे. आणि लाल रेघ मात्र जुळलेलीच. मी चष्मा लावून, खिडकी उघडून पाहिलं. पत्र्यावरची जुनी रेघ ब्लेडने खरवडून काढलेली होती आणि ज्वारीच्या दाण्याएवढ्या अंतरावर नवी रेघ होती. ज्या माणसाने आयुष्यभर खुणा सांभाळल्या, तोच खूण सरकवत होता.

मी हिशेब मांडला. आवाज थोडा थोडा वाढवायचा, स्पीकर हळूहळू निकामी करायचे, मग दुरुस्ती आहेच. दुकानात आताशा गिऱ्हाईक नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. सगळं जुळत होतं. खोटी उत्तरं नेहमी अशीच छान जुळतात, हे मी मुलांना शिकवलं होतं आणि स्वतः विसरले.

सरळ विचारायला काय हरकत होती? पण संशयी माणूस विचारत नाही, बंदोबस्त करतो. एका सोमवारी मी मोबाईल घेऊन बसले, डब्याचा आवाज पुन्हा बदलता केला, पट्टी जिवंत झाली. पेटीचं बटण शेवटपर्यंत उघडलं आणि मोबाईलवर पट्टी अगदी खाली, मला बरी वाटेल तिथे आणून ठेवली. आता फिरवा म्हटलं किती फिरवायचं ते. विजय म्हणत होता तेच मी केलं होतं. मिस्त्रींनी पुराची गोष्ट सांगितली होती तीही आठवत होती, पण ती सांगणाराच माझ्या लेखी लबाड ठरला होता.

मंगळवारी अण्णा गाणं चालू असताना एकसारखे स्पीकरकडे वाकत होते. मला वाटलं, पाठ दुखते.

बुधवारी पहाटे वीज गेली आणि सहाच्या आधी आली. काळा डबा पुन्हा सुरू झाला तो मी दिलेली पट्टी विसरून, पूर्ण उघडा. अण्णा खुर्चीत होते, मी स्वयंपाकघरात. सहा वाजले आणि घरात काहीतरी फुटलं असं वाटलं. ते गाणं होतं हे कळायलाच मला वेळ लागला. भांड्यांची मांडणी थरथरत होती. मी मोबाईल शोधत पळाले, कारण आता आवाज मोबाईलमध्ये होता, आणि मोबाईल आतल्या खोलीत चार्जिंगला होता. तो घेऊन येते तोवर आवाज एकदम उतरला होता. अण्णांनी डावा हात लांबवून बटण धरलं होतं. चमचा न धरता येणाऱ्या त्या बोटांनी ते मागे फिरवलं होतं. ते तसंच घट्ट धरून ते बसले होते, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. उजव्या स्पीकरमधून फक्त खरखर येत होती.

मिस्त्री तासाभरात आले. स्पीकरची जाळी काढून पाहिली. आतली कॉइल जळली होती, कागद फाटला होता. त्यांनी पेटी पाहिली, वायरी पाहिल्या आणि मग माझ्याकडे मोबाईल मागितला. मी दिला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण मेलेली पट्टी आणि जिवंत पट्टी यांतला फरक कळत होता. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि मोबाईल परत दिला. मी पदराने उगाच टेबल पुसत राहिले.

मग ते अण्णांच्या समोर जाऊन उभे राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "साहेब, चूक माझी. डब्याची जोडनी माझ्याच हातून चुकली. माझ्या हातचा स्पीकर जळाला."

ते इतक्या मोठ्याने का बोलले, हे मला तेव्हा विचित्र वाटलं. आणि मी गप्प बसले. हे लिहायला आजही लाज वाटते, पण खरं ते खरं. उलट माझ्या मनात पहिला विचार आला तो असा की, हा आळ अंगावर घेण्यात याचा काय डाव असेल.

आठ दिवसांनी त्यांनी स्पीकर नवा कागद लावून, कॉइल हाताने गुंडाळून परत आणला. डबा पुन्हा पूर्वीसारखा कायम उघडा केला, पट्टी मेली, पहिल्याच जागी लाल रेघ ओढली. अण्णांनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. रविवारी लुना वाजली तेव्हा अण्णांनी डावा हात दाराच्या दिशेने असा झटकला की लहान मुलालाही अर्थ कळावा. मिस्त्री उंबऱ्यावरच थांबले. "बरं साहेब," म्हणाले आणि गेले. पुढच्या रविवारी आले नाहीत, त्याच्या पुढच्याही नाही. आणि अण्णा शनिवारी संध्याकाळी दाराकडे बघायचे थांबले. त्यांच्याजवळ जे थोडंफार उरलं होतं, त्यातली मोठी गोष्ट मी घालवली होती, आणि वहीत ती कोणत्या पानावर लिहायची हे मला कळत नव्हतं.

तिसऱ्या रविवारी मी गाणं चालू असताना त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन म्हटलं, अण्णा, चहा आणू का? त्यांनी वळून पाहिलं नाही. मला वाटलं राग. पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. काही नाही. ते स्पीकरकडे वाकले होते, कान पुढे करून, त्या मंगळवारी वाकले होते तसेच. बोट ठेका धरत होतं, पण ठेका चुकत होता. अण्णांचा ठेका आयुष्यात कधी चुकला नव्हता. मी त्यांच्या मागे जाऊन स्टीलचा डबा जमिनीवर आपटला. त्यांनी मान हलवली नाही.

त्याच दिवशी दुपारी मी औरंगपुऱ्याचा तो जिना चढले. मिस्त्री एकटेच होते. मी स्टुलावर बसले आणि म्हटलं, "काका, तुम्हाला पट्टी बघितली तेव्हाच कळलं होतं ना?"

"व्हय."

"आणि खूण तुम्ही सरकवत होतात ती अण्णांना ऐकू येत नाही म्हणून."

त्यांनी ताटलीतले स्क्रू बोटाने एका कडेला केले. म्हणाले, साहेबांनीच खुणेनं सांगितलं होतं. कानाला हात लावला आणि ताईला नको म्हणून हात हलवला. "पाय गेला, हात गेला, बोलनं गेलं. सगळं तुमच्या वहीत हाय. कान तेवढा त्यांनी सोताजवळ ठेवला व्हता. मी दर खेपेला हात ठेवून बघायचो स्पीकरवर, झेपंल तेवढाच वाढवायचो."

"मग त्या दिवशी तुम्ही आळ का घेतला अंगावर? पस्तीस वर्षांचं नाव तुमचं."

त्यांनी ताटली बाजूला सारली. मग म्हणाले, "साहेब माझ्यावर रुसले तर त्यांचं काय आडत नाय. तुमच्यावरला भरवसा उडाला तर त्यांनी घास कोनाच्या हातचा गिळायचा?"

मला रडू आलं. मी एकतीस वर्षं मुलांचे चेहरे वाचले आणि एवढा एक चेहरा मला वाचता आला नाही. ते उठले, कोपऱ्यातल्या माठातून तांब्याभर पाणी आणून माझ्यापुढे ठेवलं. मी ते सगळं प्यायले.

संध्याकाळी मी अण्णांच्या समोर पाट घेऊन बसले. मनात वाक्यं तयार केली होती, हळू आवाजात सांगायची. पण हळू सांगून उपयोग नव्हता. आयुष्यातली सगळ्यात लाजिरवाणी कबुली मला घसा फाडून द्यावी लागली. स्पीकर मी जाळला, सांडूकाकांनी नाही. त्यांच्यावर संशय घेऊन मी बटण उघडलं. त्यांनी माझ्यासाठी आळ घेतला. प्रत्येक वाक्य दोनदा. समोर जाधवबाई तुळशीला पाणी घालता घालता थांबल्याचं मला खिडकीतून दिसलं. त्यांना ऐकू गेलं ते बरंच झालं, त्यांचं माझ्याकडे माफीचं येणं होतंच.

अण्णा माझ्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी डावा हात कानाला लावला, जाधवांच्या घराकडे बोट दाखवलं आणि तेच बोट ओठांवर ठेवलं. म्हणजे मला ऐकू येत नाही हे कॉलनीला कळू देऊ नको. आता काय उरलं होतं कळायचं, पण मी मान हलवली. त्यांनी हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि मग मोबाईलकडे दाखवून म्हणाले, "आं." सांडूला बोलाव.

रविवारी पावणेसहाला लुना वाजली. अण्णा दाराकडे तोंड करून बसले होते. मिस्त्रींनी खोक्यावर तळवा ठेवला, अण्णांनी बोट वर केलं, बटण दाणाभर पुढे गेलं. "बास का, साहेब?" अण्णांचं बोट पुन्हा वर. मिस्त्रींनी मान हलवली, स्पीकर नाही म्हणतोय असं सांगितलं आणि थांबले. या खेपेला जुनी रेघ खरवडली नाही, शेजारी दुसरी ओढली. नेलपॉलिश वाळायला मी फुंकर घातली. त्या महिन्यात मी वहीत कानाबद्दल काही लिहिलं नाही.

अण्णा त्यानंतर दोन वर्षं होते. तोवर पाऊस चांगला झाला, आमच्या मागची उरलेली शेतंही इमारतींखाली गेली आणि पत्र्यावर चार लाल रेघा झाल्या. शेवटच्या रेघेवर घर दणाणायचं, पण जाधवबाईंनी कधी तक्रार केली नाही.

तेराव्यानंतर चार दिवसांनी मिस्त्री आले. रविवार नव्हता. औरंगपुऱ्यातली ती जागा पाडून तिथे नवं कॉम्प्लेक्स होणार होतं, त्यामुळे आता गावाला जातो म्हणाले, मुलाकडे. पेटीसमोर मांडी घालून बसले, तळवा खोक्यावर ठेवला आणि बटण मागे आणायला लागले. चौथ्या रेघेवरून तिसरीवर, दुसरीवर, पार पहिलीपर्यंत. "आता ह्ये तुमच्या कानाचं," ते म्हणाले. बाकीच्या रेघा खरवडायला ब्लेड काढलं, तेव्हा मी त्यांचा हात धरला. त्यांनी ब्लेड खिशात ठेवलं. मी पाणी आणलं. त्यांनी तांब्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि उभ्यानेच सगळं पाणी प्यायले.

मग गेटबाहेर जाऊन त्यांनी लुना चालू केली. मला वाटलं, या माणसाला निरोप द्यायचा तर आपल्याजवळ दुसरं काय आहे. मी आत जाऊन गाणं लावलं आणि बटण चौथ्या रेघेपर्यंत फिरवलं. खिडकीच्या काचा थरथरल्या. मिस्त्री जाधवांच्या कोपऱ्यापर्यंत पोचले होते. त्यांनी मागे वळून पाहिलं नाही. फक्त डावा हात हँडलवरून उचलला, तळवा पालथा केला आणि दोनदा खाली दाबला. कमी करा.

मी कमी केलं.